जाडा ट्रम्पेट

हा बाजा मी निवडला, हे मी अजूनही दिवसातून एकदा तरी कुणाला तरी ऐकवतो. चहाच्या टपरीवर, दाढीच्या दुकानात, एस.टी.त शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही. बायको म्हणते, आता पुरे करा, लोक तुम्हाला बघून रस्ता बदलतात. बदलू देत. तीस वर्षं मी लग्नाच्या बॅंडमध्ये दुसऱ्याने हातात दिलेला बाजा फुंकला. स्वतःच्या अकलेने घेतलेला हा पहिलाच. ती अक्कल जरा उशिरा आली, तेही लपवणार नाही.

आमचा बॅंड अमळनेरचा. मालक आणि मास्तर एकच, त्यांना सगळे नाना म्हणतात. मी त्यांचा मुख्य ट्रम्पेटवाला. नवरदेव घोड्यावर बसला की पहिला सूर माझा, आणि मुलीच्या पाठवणीचं गाणं तर माझंच. कितीतरी नवऱ्यामुलींच्या आया माझ्या बाजाने रडल्या, असं मी फुशारकीने सांगायचो आणि ते खरंही होतं. मागच्या थंडीत पारोळ्याहून परत येताना मोटरसायकल खड्ड्यात गेली आणि माझं तोंड हॅंडलवर आपटलं. हातपाय धड राहिले. वरचे समोरचे दोन दात मात्र तिथेच रस्त्यावर राहिले.

दात काढघालीचे बसवले. भाकरी खाता येत होती, बोलता येत होतं, पण ट्रम्पेट वाजेना. ट्रम्पेटचा वरचा सूर लावायचा तर माउथपीस ओठावर दाबावं लागतं, आणि ओठाच्या मागे भक्कम दात लागतात. मी दाबलं की कवळी हलायची आणि सूर फाटायचा. दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, हाडात पक्के दात बसवू, थोडे पैसे जमवा. मी जमवायला लागलो. पण लगीनसराई माझ्यासाठी थांबणार नव्हती.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. वीस माणसांचा बॅंड ठरवला, तर वाजवणारे बारा-तेराच असतात. बाकीचे भरतीचे. त्यांना लाल कोट आणि टोपी घालतात, हातात खुळखुळा देतात, नाहीतर एखादा चकचकीत पण मुका बाजा. तो ओठाला लावायचा, गाल फुगवायचे आणि चालायचं. वरातीच्या गोंधळात कुणाला काही कळत नाही. गरिबाची रोजी आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण मला नानांनी बोलावून घेतलं आणि खाली बघत म्हणाले,

“आखाजीना दुसरा दिन लगन शे. तवलोंग सूर लागना तं ठीक. नही तं तू खुळखुळा धर. पैसा तितलाच दिसू.”

आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, मुदत होती. पण पैसे तितकेच देणार होते, तेच मला जास्त लागलं. ओरडले असते तर भांडलो तरी असतो. मी घरी आलो, कोट खुंटीला टांगला आणि दोन दिवस त्याला हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी एस.टी. पकडून धुळ्याला आबांकडे गेलो. आबा पोलीस बॅंडमधून निवृत्त झालेले, पंचाहत्तरीच्या पुढचे. तरुणपणी मला नोटेशन वाचायला त्यांनीच शिकवलं. त्यांनी माझ्याकडून ट्रम्पेट वाजवून घेतला, मध्येच थांबवला, माझं तोंड उघडून गुरांच्या बाजारात बघतात तसे दात बघितले, आणि म्हणाले की ओठ शाबूत आहे, बाजा बदल. मग पेटीतून एक माउथपीस काढून माझ्या तळहातावर ठेवलं. ट्रम्पेटच्या माउथपीसपेक्षा त्याची वाटी खोल होती. हे फ्लुगलहॉर्नचं, असं त्यांनी सांगितलं.

फ्लुगलहॉर्न मी फोनवरच्या व्हिडिओत पाहिला होता, हातात कधी धरला नव्हता. आबांनी समजावलं ते असं. बोटं तीच, बोटांनी दाबायचे तीन पिस्टन तेच, सूरही ट्रम्पेटचाच, हार्मोनियमच्या पेटीवरची काळी पाच. फक्त याची नळी मागून पुढे रुंद होत जाते आणि तोंड मोठं असतं, म्हणून आवाज जाड आणि मऊ येतो. ट्रम्पेट लोक वरच्या सुरासाठी ठेवतात, हा मधल्या सुरात गातो. मधल्या सुराला दातांवर एवढा भार पडत नाही. वरातीत नाचायला याचा काही उपयोग नाही, पण पाठवणीला याच्यासारखा बाजा नाही, असं आबा म्हणाले, आणि त्यांचा स्वतःचा आवाजच जरा मऊ झाला.

निघताना त्यांनी ते माउथपीस मला दिलं आणि बजावलं, “चकाकी बघू नको. आणि जोरात फुंकून पारखू नको. जोरात फुंकलं तर पत्र्याचा डबाही वाजतो. अगदी हळू फुंक. कमीत कमी हवेत जो बोलतो, तो घे.”

आता आली का पंचाईत. आम्ही बॅंडवाले बाजा पारखतो तो नेमका उलटा. दुकानात कधीच नाही, भर रस्त्यात उभं राहून. समोरून ट्रक गेला तरी आवाज दबला नाही पाहिजे. आणि दुसरी पारख चकाकीची, कारण लग्नाच्या व्हिडिओत बाजा चमकला तर पुढची सुपारी मिळते. माझ्या तीस वर्षांच्या शहाणपणाला आबांनी दोन वाक्यांत टाचणी लावली.

पैशाचं म्हणाल तर पक्क्या दातांसाठी जमवलेले तेवढेच होते. विलायती नामांकित फ्लुगलहॉर्नची किंमत फोनवर बघितली, तेवढ्यात चांगली मोटरसायकल येते. दात की बाजा, हे मी बायकोला विचारलं. तिने विचारलं, दात बसले तर बाजा वाजेल याची डॉक्टर खात्री देतात का? नाही, म्हटलं. मग भाकरी कुस्करून खा, म्हणाली.

मग महिनाभर मी बाजे बघत फिरलो. धुळ्यातच एकाकडे मेरठचा नवाकोरा होता, आरशासारखा. मी जुन्या सवयीने त्यात आधी माझी मिशी बघितली. मग आबांनी शिकवल्याप्रमाणे पिस्टन बोटाने जरा तिरका दाबला, तर तो खालीच बसून राहिला. दुसरा एक भुसावळच्या जुन्या बॅंडवाल्याचा. स्लाइड, म्हणजे आतबाहेर सरकणारी नळी, ओढली की चांगला बाजा ‘टप्प’ असा बोलतो, कारण आत हवा धरलेली असते. याची स्लाइड ओढली तर नुसतीच हातात आली. कुठून तरी हवा गळत होती. मेरठचे सगळेच वाईट असतात असं नाही, माझा ट्रम्पेटही तिथलाच होता आणि वीस वर्षं टिकला. पण मला हे दोन्ही नको होते, आणि आखाजी जवळ येत होती.

जळगावला वाद्यांचं एक दुकान आहे, तिथे आम्ही ढोलाची पानं घ्यायला जातो. मालकाला सहज विचारलं, तर तो म्हणाला, फ्लुगल वगैरे ठाऊक नाही, पण एक जाडा ट्रम्पेट पडलाय. एका शाळेने बॅंडसाठी मागवला होता, मग आम्हाला साधे ट्रम्पेट पाहिजेत म्हणून परत केला. तैवानकडचा माल होता, नाव कुणी ऐकलेलं नाही. दोन वर्षं माळ्यावर धूळ खात होता. किंमत माझ्या आटोक्यातली. धूळ पुसली तर खाली सोनेरी रंग सुद्धा नव्हता, नुसतं फिकट पितळ.

पिस्टन दाबले, लोण्यात सुरी जावी तसे गेले आणि वर आले. स्लाइड ओढली, टप्प झालं. आबांचं माउथपीस लावलं आणि बाजा घेऊन, अर्थातच, दुकानाबाहेर आलो. एप्रिलची दुपार, जळगावचं ऊन. हळू फुंकलं आणि तो बोलला. खरंच बोलला, पहिल्या श्वासात. कवळी जागची हलली नाही. मग मी खिडकीतून मालकाला पेटीवर काळी पाच द्यायला सांगितली, आणि माझं तोंड कडू झालं. बाजा चढलेला होता. थोडाथोडका नाही, पेटीशी भांडण होईल इतका. उन्हात पितळ तापलं की सूर चढतो हे मला माहीत होतं, ट्रम्पेटही चढतो. मग आपण त्याची पुढची स्लाइड ओढून सूर उतरवतो. मी ती स्लाइड शोधायला लागलो. ट्रम्पेटला असते त्या जागी काहीच नव्हतं. उलटा करून बघितला, आडवा करून बघितला. नाहीच.

आमच्या बॅंडमध्ये आता गाडीवर कीबोर्ड असतो. त्याचा सूर हलत नाही, बाकी सगळ्यांनी त्याच्याशी जुळवून घ्यायचं. ज्या बाजाचा सूर उतरवता येत नाही, तो काय कामाचा? मी आत जाऊन बाजा काउंटरवर ठेवला आणि मालकाला चांगलं पाच मिनिटं ऐकवलं. म्हणूनच शाळेने परत केला, हा घडवतानाच बेसूर घडवलाय, तुम्ही काय विकताय ते तुम्हालाच माहीत नाही. तो बिचारा पंख्याखाली बसून ऐकत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला की तुम्ही नाही घेतला तरी काही बिघडत नाही, मुक्ताईनगरकडचा एक बॅंडवाला उद्या सकाळी येतोय. त्याला भरतीच्या माणसाच्या हातात द्यायला एखादा धष्टपुष्ट बाजा हवाय, वाजला नाही तरी चालेल.

गाडीत बसल्यावर मी स्वतःवर खूष होतो. फसलो नाही, पैसे वाचवले. अमळनेरला उतरून आबांना फोन लावला आणि रंगवून सगळं सांगितलं.

“स्क्रू ढिला केला होतास का?” आबांनी विचारलं.

कोणता स्क्रू, म्हटलं. माउथपीस जिथे बसतं ती नळी धरून ठेवणारा छोटा स्क्रू, ते म्हणाले. फ्लुगलहॉर्नला वेगळी स्लाइड नसतेच. तो स्क्रू सैल करायचा, अख्खी नळीच बाहेर ओढायची, सूर उतरतो. नवा बाजा नळी पूर्ण आत दाबूनच येतो, तो चढलेला असणारच. हे सांगायचं राहिलं, कारण बाजा हातात घेणाऱ्याला दिसेल असं त्यांना वाटलं. पुढे त्यांनी माझ्यासाठी जे शब्द वापरले ते इथे लिहीत नाही. मी एवढा ओरडून आलो होतो, आणि उद्या सकाळी तो बाजा मुक्ताईनगरकडे जाऊन आयुष्यभर मुका चालणार होता. खरं सांगतो, त्या वेळी मला माझ्यापेक्षा त्याचीच कीव आली.

सकाळच्या पहिल्या गाडीने जळगाव गाठलं. बायको म्हणाली मीही येते, तुम्हाला एकट्याला सोडलं तर पुन्हा भाषण कराल. दुकानाचं शटर वर जायच्या आधी आम्ही पायरीवर बसलेलो. मालकाने मला बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. मी आधी माफी मागितली. मला माफी मागायची सवय नाही, बायकोने ती लक्ष देऊन ऐकली. मग बाजा मागितला, स्क्रू बोटाने फिरवला, आणि नळी करंगळीच्या नखाएवढी बाहेर ओढली. मालकाने काळी पाच धरली. मी वाजवलं. दोन सूर एकमेकांत असे मिसळले की पेटी कुठली आणि बाजा कुठला ते कळेना. मी पाठवणीच्या गाण्याची एक ओळ वाजवली. शेजारचा भांडीवाला दारात येऊन उभा राहिला.

आणि इथे मी दुसरी चूक केली. इतकं चांगलं वाजवायला नको होतं. मालकाने बाजा हातात घेतला, फडक्याने पुसला आणि विचारपूर्वक म्हणाला की तसा हा माल परदेशी आहे, कालचा भाव जुना होता. मी उसळणार तेवढ्यात बायको पुढे झाली. ती जळगावच्या बाजारात भरताची वांगी निवडते तेव्हा भाजीवाले खाली बघतात.

“भाऊ, काल यो बेसूर व्हता तवय जो भाव व्हता, तोच भाव. बाजा तोच शे,” ती म्हणाली. “फरक फक्त मना नवराले पडना.”

मालक हसला. हसला म्हणजे संपलंच. आम्ही बाजा घेऊन पायऱ्या उतरत होतो तेव्हा एक जाडजूड माणूस मोटरसायकल लावत होता. तो मुक्ताईनगरचाच होता की नाही देव जाणे, पण मी बायकोला म्हटलं, जरा भराभर चल.

पुढचे दिवस मी घरात रियाज केला. घरात, हे महत्त्वाचं. ट्रम्पेट मला नेहमी नाल्याकाठी जाऊन वाजवावा लागायचा, कारण शेजारच्या अक्का खिडकी आपटून बंद करायच्या. या खेपेला खिडकी उघडीच राहिली. चौथ्या दिवशी अक्कांनी भिंतीपलीकडून कालचंच वाजव म्हणून सांगितलं, तेव्हा मी त्या दिवसापुरता शेफारलो.

आखाजी झाली. माहेरी आलेल्या लेकींचे झोके अजून झाडांना होते आणि दुसऱ्या दिवशी चोपड्याच्या रस्त्यावरच्या एका गावात लग्न होतं. नानांनी नवा बाजा हातात घेऊन फिरवून बघितला आणि परत दिला. चकाकत नही, एवढंच म्हणाले. वरातीत मी वाजवलंच नाही, बाजा ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळून टेम्पोत ठेवला होता. सकाळभर मी लाल कोटात रिकाम्या हातांनी चाललो, आणि भरतीच्या माणसांची नजर मी चुकवत होतो.

साडेचारला पाठवणी. ऊन अजून तसंच होतं. नानांनी मला बोटाने पुढे बोलावलं आणि ट्रम्पेटवाल्यांना मागे तयार राहायला सांगितलं, म्हणजे मी पडलो तर ते उचलतील. मी टॉवेल काढला, उन्हाचा अंदाज घेऊन नळी नेहमीपेक्षा जास्त ओढली. कीबोर्डवाल्याने सूर दिला. जुळला.

मी हळू सुरू केलं. आणि काहीच झालं नाही. मांडवात दोनशे माणसं बोलत होती, कुणी हरवलेली चप्पल शोधत होतं, मुलीचा बाप गाडीत कोण बसणार यावरून ड्रायव्हरशी वाद घालत होता. मागून कुणी तरी म्हणालं, आवाजच येत नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून मला नानांचा हात वर जाताना दिसला. तो हात खाली आला असता, तर ट्रम्पेट उठले असते आणि मी संपलो असतो. जुन्या सवयीने छातीत हवा भरली, जोरात फुंकायला. मला आबांचा राग आला, त्यांच्या हळू फुंकण्याचा राग आला. तरीही मी हळूच वाजवलं. हट्टाने वाजवलं. वाटलं, ऐकायचं असेल तर या जवळ.

आधी नवरीजवळच्या बाया गप्प झाल्या. मग त्यांच्या मागच्यांनी त्यांच्याकडे बघितलं आणि त्याही गप्प झाल्या. गलका बाहेरच्या बाजूला सरकत गेला आणि मांडवाच्या कडेला जाऊन थांबला. कीबोर्डवाल्याने आपला आवाज आपणहून कमी केला, मग हातच उचलला. आता फक्त मी होतो. दुसऱ्या कडव्यात मुलीच्या बापाने ड्रायव्हरशी चाललेलं बोलणं अर्धवट सोडलं आणि तो लेकीकडे चालत आला. सकाळपासून तो माणूस फक्त हिशोब आणि खुर्च्यांबद्दल बोलत होता. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दोघंही तशीच उभी राहिली. नानांचा हात वर होता तो तसाच छातीशी आला.

नवरी गाडीत बसली. रिवाज असा की गाडी सुरू झाली की बॅंड थांबतो, सगळ्यांना जेवायची घाई असते. ड्रायव्हरने किल्ली फिरवली. नवरीची आजी काठी टेकत पुढे आली आणि तिने गाडीच्या बॉनेटवर थाप मारली.

“गाडी बंद कर रे,” ती म्हणाली. “त्याले पुरं वाजाडू दे.”

ड्रायव्हरने गाडी बंद केली. मी शेवटचं कडवं पुरं वाजवलं, एकही सूर फाटला नाही, आणि शेवटचा सूर मी इतका लांबवला की मलाच आश्चर्य वाटलं. गाडी गेली तरी माणसं लगेच जेवायला वळली नाहीत.

कोटाची बटणं काढत होतो तेव्हा नाना जवळ आले. उद्या पहूरला लग्न आहे म्हणाले. थोडा वेळ खाली बघितलं, मग सरळ माझ्याकडे बघितलं.

“पुढे उभा राहजो,” ते म्हणाले. “आनी पाठवणी तू एकटाच वाजाडजो. ट्रम्पेट नको.”

मी त्यांना म्हटलं, बघतो. तीस वर्षांत नानांना मी पहिल्यांदाच बघतो म्हटलं होतं. मग टेम्पोच्या मागे गेलो, तिथे कुणी नव्हतं. आधी पोट धरून हसलो, मग भरपूर रडलो, तोंड धुतलं, आणि जाऊन सांगितलं की येतो.